सिम्युलेशनमध्ये काय सुटते? अवकाशयानांविषयी वाचकांचे प्रश्न

अवकाशयान बांधताना संगणकावरचे सिम्युलेशन धोका कुठे कमी करते आणि कुठे फसवते, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांची ही उत्तरे.

प्रश्न : उड्डाणाआधी सगळा प्रवास संगणकावर शेकडो वेळा चालवून पाहतात, असे वाचतो. तरीही अवकाशयाने कोसळतात. मग या सिम्युलेशनचा उपयोग नेमका काय?

उत्तर : उपयोग मोठा आहे, पण तो कुठे संपतो हे माहीत हवे. मंगळाच्या विरळ हवेत प्रचंड वेगाने शिरणारे यान जसेच्या तसे तपासता येईल अशी जागा पृथ्वीवर नाही. २०१२ मध्ये क्युरिऑसिटी गाडी दोरांना लटकवून मंगळावर उतरवली. त्या अवतरणाची पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंतची रंगीत तालीम पृथ्वीवर होऊच शकत नव्हती. एकेका भागाच्या चाचण्या आणि त्यांना सांधणारे सिम्युलेशन एवढ्याच भरवशावर ती गाडी सुमारे २० बाय ७ किलोमीटरच्या ठरवलेल्या लंबवर्तुळात उतरली.

आता अपयशे पाहा. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी गणित बरोबर होते. चूक होती ती मॉडेलमध्ये जे घातलेच नाही, त्यात.

अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्स्प्लोरर-१ हे सर्वांत जुने आणि सर्वांत शिकवणारे उदाहरण. १९५८ मध्ये तो आपल्या लांब अक्षाभोवती फिरवत सोडला. उपग्रह पूर्ण ताठ आहे असे धरले, तर ही गिरकी स्थिर राहते, आणि हिशेबही तसाच होता. प्रत्यक्षात त्याला लवचीक तारांचे अँटेना होते. त्यांच्या वाकण्यात ऊर्जा खर्च होत गेली आणि थोड्याच वेळात उपग्रह आडवा होऊन गरगरू लागला. ‘ताठ वस्तू’ हे एक गृहीतक चुकले, बाकी सगळे बरोबर होते.

३ डिसेंबर १९९९ ला मार्स पोलर लँडर हरवला. चौकशीत सर्वांत संभाव्य ठरलेले कारण असे : सुमारे १,५०० मीटर उंचीवर पाय उघडताना बसणाऱ्या हिसक्याने पायांमधल्या सेन्सरनी ‘जमिनीला टेकलो’ असा क्षणिक संकेत दिला. सॉफ्टवेअरने तो लक्षात ठेवला. ४० मीटरवर तो संकेत विचारात घ्यायची वेळ येताच इंजिन बंद झाले. पाय उघडताना असे खोटे संकेत येतात, हे चाचण्यांत दिसलेले होते. पण ते सॉफ्टवेअरच्या अपेक्षांमध्ये उतरले नाही. त्यातच संपूर्ण यंत्रणेच्या एका चाचणीत या सेन्सरच्या तारा चुकीच्या जोडलेल्या होत्या. त्या दुरुस्त झाल्या, पण चाचणी पुन्हा घेतली नाही.

२०१६ मध्ये युरोपच्या स्कियापरेली यानाचे पॅराशूट उघडल्यावर झोके अपेक्षेपेक्षा जोरदार बसले. परिवलनाचा वेग मोजणारे उपकरण आपल्या कमाल मर्यादेला भिडले आणि सुमारे एक सेकंद तिथेच अडकून राहिले. त्या एका सेकंदात यानाने आपला कल चुकीचा मोजला. त्या चुकीच्या कलावरून काढलेली उंची उणे आली, म्हणजे यानाच्या समजुतीप्रमाणे ते जमिनीच्या खाली होते. पॅराशूट सुटले, इंजिने जेमतेम तीन सेकंद चालली, आणि यान सुमारे पावणेचार किलोमीटरवरून खाली पडले. पॅराशूटच्या हालचालींच्या मॉडेलमध्ये अनिश्चितता पुरेशी धरली नव्हती, असे चौकशी अहवालाने नोंदवले आहे.

एप्रिल २०२३ मध्ये चंद्रावर उतरणाऱ्या जपानी हाकुतो-आर यानाचेही असेच झाले. वाटेत एका विवराचा कडा आला आणि मोजलेली उंची एकदम तीन किलोमीटरने बदलली. सॉफ्टवेअरने ते खरे मोजमाप बिघाड समजून बाजूला टाकले. पुढे जमीन आली असे मानून यान सुमारे पाच किलोमीटर उंचीवर सावकाश उतरत राहिले आणि इंधन संपल्यावर कोसळले. आराखड्याचा मुख्य आढावा झाल्यानंतर उतरण्याची जागा बदलली होती. नव्या वाटेवरचा भूभाग सिम्युलेशनमध्ये नीट आलेला नव्हता.

म्हणून सिम्युलेशनच्या अहवालात निकालांइतकाच मान ‘मॉडेलमध्ये काय नाही’ या यादीला द्यावा. प्रत्येक नोंदीपुढे तीन रकाने ठेवा : ही गोष्ट का वगळली, तिचा परिणाम अंदाजे किती, आणि तिची खातरजमा कोणत्या चाचणीत होणार. तिसरा रकाना रिकामा असेल तिथे धोका आहे. जागा, वेग, वजन, सेन्सर यांपैकी काहीही बदलले, की ही यादी पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायची.

प्रश्न : अवतरणाची मॉन्टे कार्लो पद्धतीने (दर वेळी आकडे यादृच्छिकपणे थोडे बदलून) १,००० सिम्युलेशन केली आणि एकही अपयशी ठरले नाही. याचा अर्थ यश १०० टक्के पक्के असा घ्यायचा का?

उत्तर : नाही. १,००० पैकी शून्य अपयश याचा संख्याशास्त्रीय अर्थ एवढाच : अपयशाची शक्यता ०.३ टक्क्यापेक्षा कमी आहे असे ९५ टक्के विश्वासाने म्हणता येते. साधा नियम लक्षात ठेवा. एकही अपयश नसेल तर ३ ला प्रयोगांच्या संख्येने भागा, ती वरची मर्यादा. ९९.७३ टक्के यश ९० टक्के विश्वासाने सांगायचे असेल तर सलग ८५२ निर्दोष प्रयोग लागतात. विश्वास ९५ टक्के हवा असेल तर सुमारे १,११०.

हे झाले सोपे अंकगणित. खरी फसगत वेगळीच आहे, कारण हा टक्का मॉडेलच्या जगातला असतो. तुम्ही वाऱ्याचा, वजनाचा, इंजिनाच्या रेट्याचा जो पसारा (किमान ते कमाल आवाका) दिला, त्याच्या आत अपयश किती, एवढेच तो सांगतो. पसारा अरुंद दिला तर दहा लाख प्रयोगही समाधानकारक दिसतील.

पसारा ठरवताना हमखास होणारी चूक म्हणजे सगळ्या त्रुटी एकमेकींपासून स्वतंत्र धरणे. समजा पाच सारखी इंजिने आहेत आणि प्रत्येकाच्या रेट्यात ३ टक्क्यांची अनिश्चितता आहे. स्वतंत्र धरली तर त्रुटी एकमेकींना छेदतात आणि एकूण रेट्यातली अनिश्चितता ३ भागिले ५ चे वर्गमूळ, म्हणजे साधारण १.३ टक्के उरते. पण पाचही इंजिने एकाच साच्यातली, एकाच चाचणी मंचावर मोजलेली असतील आणि त्या मंचाचेच मोजमाप चुकत असेल, तर पाचही एकाच दिशेला चुकतील. एकूण अनिश्चितता मग पूर्ण ३ टक्के. अवतरणात दोन्हींतला फरक काही मिनिटे साठत जातो.

चांद्रयान-२ च्या विक्रम लँडरबाबत इस्रोचे २०२३ मधले अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी नंतर जे सांगितले, ते या संदर्भात मुळातून समजून घेण्यासारखे आहे. पाच इंजिनांचा रेटा अपेक्षेपेक्षा जास्त मिळाला आणि त्रुटी साठत गेल्या. त्या भरून काढायला यानाला भराभर वळावे लागले, पण वळण्याच्या वेगावर सॉफ्टवेअरने मर्यादा घातलेली होती. वर उतरायची जागा फक्त ५०० बाय ५०० मीटर. यातली प्रत्येक गोष्ट एकेकटी कदाचित सांभाळता आली असती. चांद्रयान-३ साठी ‘काय काय बिघडू शकते’ इथून आराखड्याची सुरुवात केली आणि उतरण्याचे क्षेत्र ४ बाय २.४ किलोमीटर केले. २३ ऑगस्ट २०२३ ला यान सुखरूप उतरले.

तुम्ही करायच्या गोष्टी अशा. प्रत्येक प्रयोगाचा यादृच्छिक बीजांक जपून ठेवा, म्हणजे तोच प्रयोग पुन्हा जसाच्या तसा चालवता येतो. सरासरीचे आलेख पाहण्याआधी सर्वांत वाईट दहा प्रयोग उघडा आणि सेकंदासेकंदाने वाचा. ते कसे तरले हे कळले नाही, तर ते तरले असे मानू नका. मग सगळे पसारे दीडपट करून पुन्हा चालवा. अपयश पहिल्यांदा कुठे डोके वर काढते ते दिसेल, आणि ते माहीत असणे शून्य अपयशाच्या तक्त्यापेक्षा जास्त मोलाचे आहे. शेवटी, सॉफ्टवेअरमधली प्रत्येक मर्यादा, मग ती वळण्याच्या वेगाची असो, मोजमाप नाकारण्याची असो वा वेळ संपल्याची, किती प्रयोगांत गाठली गेली ते मोजा. यशस्वी प्रयोगांतही मोजा.

प्रश्न : आमच्या लहान उपग्रहाच्या फायनाइट एलिमेंट मॉडेलमध्ये (ढाच्याचे लहान तुकडे पाडून केलेल्या संगणकी मॉडेलमध्ये) पहिली नैसर्गिक वारंवारता ११२ हर्ट्झ होती. कंपन चाचणीत ती ८८ निघाली. चूक शोधायची कुठून?

उत्तर : आधी चूक किती मोठी आहे ते पाहू. वारंवारता ताठरपणा आणि वस्तुमान यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावर चालते. ८८ भागिले ११२ चा वर्ग ०.६२. म्हणजे एकतर ताठरपणा ३८ टक्क्यांनी कमी आहे, नाहीतर हलणारे वस्तुमान ६२ टक्क्यांनी जास्त. वजनकाट्यावर एवढी चूक कुणी करत नाही. तेव्हा ताठरपणाच पाहायचा, आणि त्यातही सांधे.

पहिला संशयित पाया. मॉडेलमध्ये तळाचे बिंदू सहाही दिशांनी जखडलेले असतात. प्रत्यक्षात उपग्रह चाचणीच्या फिक्श्चरवर (त्याला कंपनयंत्राशी जोडणाऱ्या चौकटीवर) बसतो आणि फिक्श्चर स्वतः लवते. रिकाम्या फिक्श्चरची चाचणी केली होती का ते बघा. त्याची स्वतःची पहिली वारंवारता उपग्रहाच्या कितीतरी वर हवी. दुसरा संशयित स्क्रू. दोन पत्रे मॉडेलमध्ये संपूर्ण पृष्ठभागावर चिकटवलेले असतात, प्रत्यक्षात ते स्क्रूच्या भोवतालच्या लहानशा वर्तुळातच एकमेकांना धरतात. सगळा पृष्ठभाग जोडण्याऐवजी स्क्रूच्या जागी स्प्रिंग घटक घाला आणि त्यांचा ताठरपणा बदलत जा. बहुतेक वेळा ८८ इथेच सापडते. तिसरा संशयित सर्किट बोर्ड : त्यांचा कडेचा आधार ‘पूर्ण जखडलेला’ आणि ‘नुसता टेकलेला’ यांच्या मध्ये कुठेतरी असतो.

चाचणीच्या आधी आणि नंतर कमी पातळीचा कंपन-सर्व्हे घेतला असेल तर दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवा. आधी ९५ आणि नंतर ८८ असे दिसले, तर चाचणीत काहीतरी सैल झाले आहे. ती मॉडेलची चूक नाही, उपग्रहाचा बिघाड आहे.

‘वारंवारता उतरली, पण धक्काही उतरला, मग बिघडले काय’ असा युक्तिवाद अनेकदा ऐकू येतो. तो धोक्याचा आहे. नासाच्या लहान उपकरणांसाठीच्या सर्वसाधारण पात्रता पातळीवर, ५० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यात ०.१६ जी-वर्ग प्रति हर्ट्झ एवढी तीव्रता असते. प्रवर्धन दहापट धरले, तर यादृच्छिक कंपनासाठीच्या माइल्सच्या सूत्राने ११२ हर्ट्झला तीन सिग्मा (क्वचितच ओलांडले जाणारे) त्वरण सुमारे ५० जी येते आणि ८८ हर्ट्झला ४५ जी. त्वरण खरोखरच कमी होते. पण विस्थापन १ मिलिमीटरवरून १.४ मिलिमीटरवर जाते. दोन बोर्डांच्या घटकांमध्ये तुम्ही दीड मिलिमीटर जागा सोडली असेल आणि शेजारचा बोर्ड उलट दिशेने हलत असेल, तर ते एकमेकांवर आपटतील.

मॉडेल दुरुस्त करताना एक पथ्य पाळा. आकडा जुळावा म्हणून ॲल्युमिनियमचा लवचीकता गुणांक कमी करू नका. पहिली वारंवारता जुळेल आणि बाकीच्या सगळ्या बिघडतील. महत्त्वाच्या वारंवारता ५ टक्क्यांच्या आत आल्या पाहिजेत आणि हालचालीचे आकारही जुळले पाहिजेत. प्रक्षेपक पुरवणारी संस्था तुमचे मॉडेल संक्षिप्त करून रॉकेटच्या मॉडेलला जोडते आणि उपग्रहावर येणारे भार काढते. चुकीचा आकार दिला तर भार भलत्याच जागी निघतो.

प्रश्न : उड्डाणाचे सॉफ्टवेअर संगणकावरील सिम्युलेटरवर सगळ्या चाचण्या पार करते. मग खरी उपकरणे जोडून पुन्हा तेच करण्यात वेळ आणि पैसा का घालवायचा?

उत्तर : ४ जून १९९६ ला एरियान-५ चे पहिले उड्डाण मुख्य इंजिन पेटल्यापासून अवघ्या ३७ सेकंदांत भरकटले आणि रॉकेट फुटले. दिशा आणि वेग सांगणारी यंत्रणा एरियान-४ वरून आणलेली होती. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये ६४ बिटांचा दशांश आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात बदलला जाई. त्या पूर्णांकात ३२,७६७ च्या वर काही मावत नाही. एरियान-५ चा आडवा वेग सुरुवातीलाच जास्त होता, त्यामुळे आकडा मावला नाही आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेत तेच सॉफ्टवेअर असल्याने तीही त्याच कारणाने आधीच गेलेली होती. ज्या गणितात ही चूक झाली, त्याचा उड्डाण झाल्यानंतर काही उपयोगही नव्हता.

आता तुमच्या प्रश्नाशी संबंध. रॉकेटच्या एकत्रित सिम्युलेशनमध्ये ही यंत्रणा खरी जोडलेली नव्हती. तिच्या जागी तिची नक्कल करणारे सॉफ्टवेअर होते, आणि नक्कल अर्थातच बंद पडली नाही. अपघातानंतर त्याच यंत्रणेच्या सॉफ्टवेअरला प्रत्यक्ष उड्डाणमार्गाचे आकडे दिले, तेव्हा बिघाडाची सगळी साखळी तशीच्या तशी उमटली. म्हणजे ही चूक जमिनीवर सापडण्यासारखी होती.

नक्कल ही तिच्या लेखकाला उपकरण जसे समजले तशी वागते. उपकरणाचा खरा स्वभाव म्हणजे उशिरा येणारा डेटा, मधूनच गळणारे पॅकेट, सुरू होताना पहिले दोन सेकंद दिले जाणारे निरर्थक आकडे. हे नकलेत क्वचितच उतरते. उशिराचा परिणाम मोजताही येतो : नियंत्रणाची बँडविड्थ (ते किती झपाट्याने प्रतिसाद देते) १ हर्ट्झ असेल तर ५० मिलिसेकंदांचा उशीर नियंत्रण स्थिर ठेवणाऱ्या कलेच्या (फेजच्या) राखीव अंतरातले १८ अंश खाऊन टाकतो. बँडविड्थ ०.१ हर्ट्झ असेल तर जेमतेम २ अंश. त्यामुळे सावकाश वळणाऱ्या उपग्रहाला जे चालते, ते उतरणाऱ्या लँडरला चालत नाही.

क्रम असा ठेवा. आधी अल्गोरिदम आणि भौतिक मॉडेल एकाच संगणकावर. मग तेच उड्डाणाचे सॉफ्टवेअर कम्पाइल करून. मग ते खऱ्या प्रोसेसरवर, कारण तिथे वेळ आणि मेमरी कळते. शेवटी खरे सेन्सर, खरी चाके, खऱ्या तारा टेबलावर मांडून. शेवटच्या टप्प्यात मोहिमेचा निदान एक प्रवास अखंड चालवा, तुकडे न पाडता. डिसेंबर २०१९ मध्ये स्टारलायनरच्या पहिल्या मानवरहित उड्डाणात यानाचे घड्याळ ११ तासांनी चुकले, कारण त्याने रॉकेटकडून वेळ चुकीच्या क्षणी उचलली. चाचण्या तुकड्यांत घेतल्या होत्या. रॉकेटपासून सुटण्याआधीपासून ते कक्षेत स्थिरावण्यापर्यंतचा भाग सलग चालवला असता, तर ही चूक उघडी पडायला वाव होता.

बिघाड मुद्दाम घालणे हा या टप्प्याचा खरा गाभा. सेन्सर गोठवा, कमाल आकड्यावर अडकवा, मुख्य आणि राखीव दोन्ही एकाच क्षणी बंद करा, पॅराशूट उघडण्याच्या ऐन क्षणी प्रोसेसर रीसेट करा. सगळे सुरळीत असतानाची चाचणी एकदा पुरे, बाकीचा वेळ इथे द्या.

प्रश्न : एककांच्या गोंधळामुळे मंगळयान गेले, हे खरे का?

उत्तर : हो. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर, सप्टेंबर १९९९. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने थ्रस्टरचा आवेग पौंड-सेकंदात दिला, तर घेणाऱ्याने तो न्यूटन-सेकंदात धरला. फरक ४.४५ पटींचा. मंगळापासून २२६ किलोमीटरवरून जायचे यान ५७ किलोमीटरवर गेले. उपाय कंटाळवाणे आहेत, पण चालतात : चलाच्या नावातच एकक लिहा, दोन गटांमध्ये फाइल जाते तिथे हाताने काढलेले एक उदाहरण सोबत जोडा, आणि मार्गाचे भाकीत सतत एकाच बाजूला सरकत असेल तर ‘मोजमापातली गडबड’ म्हणून ते सोडून देऊ नका.

प्रश्न : आम्ही विद्यार्थी १यू क्यूबसॅट (दहा सेंटिमीटर बाजूचा घनाकार उपग्रह) बांधत आहोत. माणसे कमी आहेत. सगळ्याची सिम्युलेशन शक्य नाहीत. कोणती आधी करावीत?

उत्तर : विजेचे आधी. तुम्हाला वाटेल कक्षेचे किंवा दिशानियंत्रणाचे आधी, कारण ते आकर्षक असते. पण वीज संपली की बाकी कशालाच अर्थ उरत नाही. सुरुवातीला स्प्रेडशीट पुरते.

साधारण ५५० किलोमीटर उंचीवर एक फेरी ९६ मिनिटांची, त्यात सावली जास्तीत जास्त ३५ मिनिटे, ऊन ६१ मिनिटे. समजा उपग्रह सरासरी १.५ वॅट खातो. सावलीत ०.८८ वॅट-तास बॅटरीतून जातात. चार्जिंगची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर तेवढे परत भरायला १.०३ वॅट-तास लागतात. उन्हातला स्वतःचा खर्च १.५३. बेरीज २.५५ वॅट-तास, ६१ मिनिटांत. कन्व्हर्टरची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर पॅनेलकडून उन्हात सरासरी २.८ वॅट हवेत.

पॅनेल देतात किती? एका बाजूवर ३० चौरस सेंटिमीटरचे दोन सेल, २८ टक्के कार्यक्षमता, १,३६१ वॅट प्रति चौरस मीटर ऊन : समोरून २.३ वॅट. उपग्रह कसाही गडगडत असेल तर सहाही बाजू मिळून सरासरी एका बाजूच्या दीडपट देतात, ३.४ वॅट. तापमान आणि झीज यांसाठी १० टक्के वजा, ३.१ वॅट. जमते. आता एक बाजू कॅमेऱ्याला आणि अँटेनाला दिली, की पाच बाजूंचे सरासरी उत्पन्न २.६ वर येते आणि हिशेब तुटतो. उपग्रहाला १.४ वॅटच्या आत राहावे लागेल. हा एका बाजूचा निर्णय संघात बहुतेक वेळा यंत्ररचना करणारा घेतो आणि विजेचे पाहणाऱ्याला तो उशिरा कळतो.

मग हेच गणित मिनिटामिनिटाने चालवा, आणि सुरुवात पूर्ण भरलेल्या बॅटरीने करू नका. उपग्रह डिप्लॉयरमध्ये (त्याला कक्षेत सोडणाऱ्या पेटीत) बसवल्यापासून उडेपर्यंत महिने जाऊ शकतात. ५० टक्के चार्ज, थंड बॅटरी, गडगडता उपग्रह, इथून सुरू करा. क्यूबसॅटच्या प्रचलित नियमांप्रमाणे सुटल्यानंतर ३० मिनिटे अँटेना उघडायचा नाही आणि ४५ मिनिटे रेडिओ संदेश पाठवायचे नाहीत. तीही मिनिटे धरा. अँटेना पहिल्या प्रयत्नात उघडला नाही तर तार जाळणारा रोधक पुन्हा पुन्हा किती वीज खाईल, ते धरा.

सर्वांत वाईट फेरा असा तयार होतो : थंडीत बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, ट्रान्समीटर सुरू होताच व्होल्टेज खचते, संगणक रीसेट होतो, रीसेटनंतर तो पहिल्यापासून सुरू होऊन पुन्हा ट्रान्समीटर लावतो. बॅटरीत ऊर्जा असूनही उपग्रह या चक्रात अडकतो. मॉडेलमध्ये रोध आणि रीसेटची उंबरठा-पातळी नसेल, तर हे कधीच दिसणार नाही. लिथियम-आयन बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये, हीही अट मॉडेलमध्ये हवीच.

दुसरे तापमान. दहा-वीस बिंदूंचे मॉडेल पुरते. दोनच टोके काढा. उष्ण टोक : सूर्य जवळ, पृष्ठभाग जुना होऊन काळवंडलेला, उपकरणे पूर्ण चालू. थंड टोक : सूर्य दूर, पृष्ठभाग नवा, सावली सर्वांत लांब, उपकरणे कमीत कमी.

तिसरे दिशानियंत्रण. मॅग्नेटॉर्करने (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आधारे उपग्रह वळवणाऱ्या विजेच्या गुंडाळीने) गिरकी थांबवण्याचा अल्गोरिदम सोपा आहे आणि तो एकाच कारणाने सर्वाधिक बिघडतो : चिन्ह उलटे. गुंडाळीच्या दोन तारा उलट जोडल्या, की उपग्रह थांबण्याऐवजी वेग घेतो. सिम्युलेशन हे पकडू शकत नाही, कारण त्यात तारा नसतात. गुंडाळीला वीज द्या, शेजारी होकायंत्र धरा, तिन्ही अक्षांवर दिशा लिहून घ्या. मॅग्नेटॉर्कर चालू असताना मॅग्नेटोमीटर त्याचेच क्षेत्र वाचतो, म्हणून मोजणे आणि ढकलणे आळीपाळीने करायचे. तो मधला थांबा सिम्युलेशनमध्येही ठेवा.

सिम्युलेटर स्वतः बरोबर आहे का, हे तपासायला एक फुकटची कसोटी आहे. बाहेरून कोणतेही बल न लावता उपग्रह फिरवा आणि दहा फेऱ्या चालवा. कोनीय संवेग आणि ऊर्जा जशीच्या तशी राहिली पाहिजे. सरकत असेल तर वेळेचा टप्पा निम्मा करा. तरीही सरकत असेल तर समीकरणांच्या कोडमध्ये चूक आहे.

प्रश्न : थर्मल मॉडेल आता इतके चांगले असते, तर निर्वात कक्षातली महागडी चाचणी टाळता येईल का?

उत्तर : नाही. तापमानाच्या मॉडेलमध्ये दोन आकडे नेहमी अंदाजाने भरलेले असतात : दोन पृष्ठभागांच्या सांध्यातून उष्णता किती वाहते, आणि उष्णता अडवणारे बहुस्तरीय आवरण शिवणींपाशी, छिद्रांपाशी किती गळते. हे दोन्ही हाताच्या कामावर अवलंबून असतात आणि निर्वातातच मोजता येतात. चाचणीतून ते काढून मॉडेलमध्ये परत भरायचे असतात. युरोपीय मानकात आतल्या उपकरणांसाठी मॉडेल आणि मोजमाप यांतला फरक ५ अंशांच्या आत यावा, अशी अपेक्षा आहे. असे जुळवलेले मॉडेल मग कक्षेतल्या ज्या परिस्थिती चाचणीच्या निर्वात कक्षात उभ्या करता येत नाहीत, त्यांच्यासाठी वापरायचे.

प्रश्न : मी प्रकल्पाचे व्यवस्थापन पाहतो, विश्लेषण माझे क्षेत्र नाही. समोर आलेल्या सिम्युलेशनच्या निकालावर किती विसंबायचे, हे मला कसे कळेल?

उत्तर : पहिला प्रश्न विचारा : हे मॉडेल कोणत्या मोजमापांशी जुळवून पाहिले आहे, आणि आपले प्रकरण त्या मोजमापांच्या किती बाहेर आहे? २००३ मध्ये कोलंबिया शटलच्या पंखावर फेसाचा तुकडा आपटला, तेव्हा ‘क्रेटर’ नावाचे गणिती मॉडेल वापरले गेले. ते लहान तुकड्यांच्या टाइल्सवरील आघातांसाठी बेतलेले होते. आपटलेला तुकडा त्या चाचण्यांतल्या तुकड्यांच्या शेकडो पट आकाराचा होता, आणि खरा आघात टाइल्सवर नसून पंखाच्या कडेच्या कार्बन पॅनेलवर झालेला होता. मॉडेलने खोल भेदाचे भाकीत केलेही होते. पण ते नेहमी जास्तच सांगते, म्हणून त्याला महत्त्व दिले गेले नाही. म्हणजे मॉडेल त्याच्या कक्षेबाहेर वापरले, आणि त्याचा नकोसा निकाल बाजूला ठेवला, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या.

त्या अपघातानंतर नासाने मॉडेल आणि सिम्युलेशनसाठी नासा-एसटीडी-७००९ हे मानक तयार केले. त्याच्या २००८ च्या पहिल्या आवृत्तीत विश्वासार्हता आठ अंगांनी, शून्य ते चार अशा श्रेणीत मोजली जाई : कोड समीकरणे बरोबर सोडवतो का, निकाल वास्तवाशी जुळतो का, आदानाचे आकडे कुठून आले, अनिश्चितता किती, आदान थोडे बदलले तर निकाल किती हलतो, हे मॉडेल पूर्वी कुठे वापरले, त्याचे व्यवस्थापन कसे आहे, आणि चालवणारी माणसे किती जाणकार आहेत. आठांचे आकडे वेगवेगळे दाखवायला सांगा, सरासरी मागू नका. एका अंगाचा शून्य बाकीच्या अंगांना मिळालेल्या चारांत बुडून जातो.

दुसरा प्रश्न : कोणते एक आदान बदलले तर तुमचा निष्कर्ष उलटेल? विश्लेषकाला उत्तर लगेच देता आले तर त्याने मॉडेल खेळवून पाहिले आहे. ‘असे काही आदान नाही’ हे उत्तर आले, तर आढावा तिथेच थांबवून संवेदनशीलतेचे तक्ते मागवा.

प्रश्न : विनामूल्य कोणती साधने वापरता येतील?

उत्तर : कक्षेसाठी नासाचे जीमॅट, किंवा जावा येत असेल तर ओरेकिट. दिशानियंत्रणासाठी गोडार्ड केंद्राचे ‘४२’ आणि कोलोरॅडो विद्यापीठाचे बॅसिलिस्क. ढाच्याच्या विश्लेषणासाठी कॅल्क्युलिक्स. लहान उपग्रहाचे सॉफ्टवेअर, आभासी उपकरणे आणि भूकेंद्र एकत्र चालवायचे असेल तर नासाचे एनओएस-३. नव्यांनी जीमॅट आणि ४२ इथून सुरुवात करावी. दोन्हींमध्ये एकच कक्षा भरून एका दिवसानंतरचे स्थान ताडून पाहा. फरक शेकडो मीटरांच्या वर गेला तर बहुधा गुरुत्वाचे मॉडेल, हवेचा रोध किंवा वेळेची पद्धत दोन्हीकडे वेगळी निवडली गेली आहे. ती सारखी करताना दोन्ही साधनांची मांडणी चांगली कळते.